येळवशीची दुसरी कोपी

११ डिसेंबर, बुधवार

लाल ठिपका दिसतोय, म्हणजे हा ऐकतोय.

माझी नात रुचिका दिवाळीला नांदेडहून आली तेव्हा फोनमध्ये हे बसवून गेली. आपण बोलायचं आणि फोननं लिहून घ्यायचं. तारीख-वारही तोच टाकतो. मी म्हटलं, "बाई, मला अक्षर येत न्हाई. ह्यानं काय लिवलं ते मला कसं कळावं?" तर म्हणते, "आज्जी, दिवसभर मम्मीला जेवढं बोलतीस त्यातलं निम्मं ह्याला बोल. मम्मीला तेवढाच आराम." मम्मी म्हणजे कावेरी, माझी सून. लातूरची आहे. लातूरची माणसं उलटून बोलत नाहीत. सगळं ऐकून घेतात आणि मग आपल्या मनाचंच करतात.

तर लिही बाबा. मी उमाबाई, राहणार परळी. मुलगा सिद्धाराम, त्याचं मोंढ्याच्या बाजाराजवळ भांड्यांचं दुकान. आजार साखरेचा. तो जुना आहे, घरातल्या माणसासारखा राहतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार नव्या गोळीची. दसऱ्यानंतर डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला, चष्मा काढला, परत घातला आणि गोळी बदलली. जुनी मुगाएवढी होती, ही पावट्याएवढी. पोटात गेली की थोड्या वेळानं आत गिरणी सुरू होते. आधी गुडगुड, मग कळ, मग मी चपला न घालता पळते. ह्या वयात मला पळता येतं हे गोळीनंच दाखवून दिलं. वर तोंडाला लोखंडाची चव. जसं काही दुकानातला डाव चोखत बसलेय.

हे सगळं मी सोसून काढलं असतं. पण तीस तारखेला येळवस आहे.

मार्गशीर्षातली अमावस्या. शेतात कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं, घालायचं, आत पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे आणि साऱ्यांनी तिथंच जेवायचं. आमची येळवस धर्मापुरीला, माझ्या धाकट्या भावाच्या, मन्मथप्पाच्या शेतात. पांडवांचे दगड वेचून आणायचा मान माझा, परकरात होते तेव्हापासूनचा. लग्न होऊन परळीला आले तरी मी तो कुणाला दिला नाही. आणि औंदा तर चुकवून चालणारच नाही. त्या शेतात पाइपलाइनचं पाणी आलंय. ज्वारी निघाली की भाचा विश्वेश्वर ऊस लावणार. उसात कोपी कुठं घालायची? उसात शिरलेला माणूस दिसत नाही, तिथं पांडव काय दिसणार.

म्हणजे ही शेवटची. आणि पोट असं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

कावेरी म्हणते, "आत्याबाई, गोळी घेतली का?" मी म्हणते, "घेतली." रोज एवढंच बोलणं. तिला वाटतं मी चुकवते. मी कशाला चुकवू? सिद्धारामच्या वडलांना, म्हणजे ह्यांना, साखरच होती; ह्यांच्या पायाचं काय झालं ते मी बघितलंय. "काय होतंय त्याला," म्हणत हे औषध फळीवर ठेवायचे आणि दुकानात जायचे. शेवटी अंगठ्यापासून सुरू झालं ते माणसाला घेऊनच गेलं. त्यामुळे मी गोळीचा मान ठेवते.

कसा ठेवते ते सांगते. आंघोळ झाली की भस्म लावायचं, डोक्यावरून पदर घ्यायचा, भिंतीकडे तोंड करून बसायचं. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, बेल, फूल. पूजा होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि त्या वेळेला कुणी डोकवायचं नाही, हाक मारायची नाही. माझ्या बापानं शिकवलं तसंच अजून चाललंय. आणि जे तोंडात जायचं ते आधी लिंगाला दाखवायचं. मग गोळी का नाही? बेलाशेजारी गोळी ठेवते, दाखवते आणि तीर्थाच्या पहिल्या घोटाबरोबर गिळते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जेवताना घ्या. पण जिच्यावर जीव टांगलाय ती भाजीच्या मागून घ्यायची का? आधी देव, मग भाजी.

मग गच्चीवर उन्हात बसते. वाळत घातलेल्या कपड्यांवर थर्मलच्या वीजकेंद्राची राख बसलेली असते, ती झटकते. शेजारच्या छबुबाई त्यांच्या गच्चीवरून त्यांच्या सुनेबद्दल सांगतात, मी माझ्या सुनेबद्दल. असा सूर्य डोक्यावर येतो. आणि बोलता बोलता मधेच मला उठून पळावं लागतं. छबुबाईंना वाटतं मला त्यांच्या सुनेचा कंटाळा आला.

१६ डिसेंबर, सोमवार

चोर सापडला. दूध.

हल्ली पिशवीचं दूध येतं, त्यात काय असतं कुणाला माहीत. लहानपणी आमच्याकडे दोन म्हशी होत्या, एक काळी आणि एक अजून काळी. आई धारोष्ण दूध द्यायची, ते पिऊन आम्ही भावंडं दुपारपर्यंत रानात हुंदडायचो आणि कुणाचं पोट कधी हललं नाही. आजपासून पूजेनंतरचा चहा बंद. कावेरीनं कप पुढं केला, मी सरकवला. कप तिनं स्वतः पिला. साखर नसलेला चहा पिताना तिचं तोंड बघण्यासारखं होतं.

१८ डिसेंबर, बुधवार

चहा सोडूनही तेच. उलट जास्तच.

आता माझा संशय सकाळच्या भाकरीवर. कावेरी उन्हात आणून द्यायची, रात्रीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ही विकतची ज्वारी, हिला ना वास ना चिकटपणा. भाकरीसुद्धा बंद केली. आता दुपारच्या जेवणापर्यंत पोटाला काही त्रासच द्यायचा नाही. बघू कसं पळवतं.

मन्मथप्पाच्या शेतातल्या ज्वारीची भाकरी आई तव्यावरून थेट आमच्या हातात टाकायची. हात भाजायचा. त्या भाजलेल्या हाताचा भाकरीसकट वास घेत आम्ही अंगणात नाचायचो. मला अजून त्या वासावरून सांगता येईल ही भाकरी कुठल्या रानाची.

१९ डिसेंबर, गुरुवार

काल बोलले ते मागे घेते. चार वेळा. बोलवत नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

संडासात नवा दिवा लागलाय आणि भिंतीला धरायला दांडी. मी म्हटलं, "हे कावून?" कावेरी म्हणते, "जुना दिवा गेलता, आत्याबाई. मिस्तरी आलाच होता, म्हणून दांडी बी बसवून घेतली." जुना दिवा चांगला होता. लातूरच्या माणसांना खर्चाला निमित्त लागतं.

पण दांडी बरी आहे.

आम्ही पोरी होतो तेव्हा परसाकडं जाणं म्हणजे केवढा कार्यक्रम होता. टमरेल घेऊन माझी मैत्रीण वच्छला मला हाक मारायची, मी दुसरीला हाक मारायची, असा घोळका तयार व्हायचा. पांदीच्या कडेला तरवडाची दाट झुडपं. प्रत्येकीचं झुडूप ठरलेलं. एकमेकींना दिसायचं नाही पण ऐकू यायचं, त्यामुळे गावातल्या साऱ्या भानगडी तिथंच निकालात निघायच्या. माझं लग्न ठरलंय हे मला आईनं नाही, वच्छलानं झुडपामागून सांगितलं. आता फरशी, नवा दिवा, दांडी, आणि बोलायला कुणी नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

आज सांगून टाकते, कारण हा फोन कुणाला बोलत नाही.

पूजा झाली तशी कावेरीबरोबर वैजनाथाला निघाले. पायऱ्या दिसायला लागल्या आणि पोटात गिरणी. परत फिरले, पण गल्लीपर्यंत काही पोचले नाही. कावेरीनं तिची शाल माझ्या कमरेभोवती गुंडाळली आणि मोठ्यानं म्हणाली, "आत्याबाई, लई गार सुटलंय ना आज?" ऊन होतं. वाटेत छबुबाई भेटल्या, तर त्यांनाही तिनं हेच सांगितलं, गार सुटलंय म्हणून. घरी आल्यावर पाणी तापवून दिलं आणि लुगडं माझ्या आधी उचलून नेलं. मी म्हटलं, "ठिव, मी धुते." म्हणते, "रुचिकाचं धुतलंय की मी. तवा काय झालं न्हाई."

आज मी गच्चीवर गेले नाही.

संध्याकाळी मन्मथप्पाला फोन लावायला सांगितला. म्हटलं, "मन्मथा, औंदा मी येत न्हाई."

"कावून, अक्का?"

"गुडघा."

"गुडघा मागच्या साली बी होता."

"मग आता दोन्ही हायेत."

मग म्हणाला, "आन् दगड कोण वेचणार?"

"तुझी सून वेचंल."

"ती पुण्याची हाय. धुऊन, पुसून, एकसारखे आणंल. पांडव काय एकसारखे होते का?"

मी फोन ठेवला. खरं कारण भावाला कसं सांगायचं? मोटारीत तासभर, आणि पुढं ते शेत. विश्वेश्वरनं जेसीबी लावून नाला सरळ केला, तरवड उपटला, बांध कोरले. मागच्या वर्षी बघितलंय मी, तळहातासारखं रान. ज्वारीत शिरावं तर ती औंदा गुडघ्याच्या वर गेली नाही म्हणतात. अख्खं गणगोत जेवायला बसलेलं असताना ह्या म्हातारीनं कुठं जायचं?

२६ डिसेंबर, गुरुवार

कावेरी स्वयंपाकघरात फोनवर हळू बोलत होती. कान अजून शाबूत आहेत माझे. "हो मामा… जरा लांबच… वाऱ्याच्या खाली… दाराचं मी आणते." माझ्या भावाला ती मामा म्हणते. त्याच्याशी दारा-वाऱ्याचं काय बोलायचं असतं हिला? घराचं काम काढलं असेल त्यांनी.

मग मला म्हणते, "आत्याबाई, एखादं जुनं जाड लुगडं हाय का? आरपार दिसणार न्हाई असं?" मी म्हटलं, वाकळ शिवायची असेल. पेटीतलं हिरवं इरकल दिलं. काठ विरलेत, पण अंग दणकट आहे. आईनं मला लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला नेसवलेलं. ते नेसून डोक्यावर अंबिलीची बिंदगी घेऊन निघाले होते. ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबट अंबील, पांढरा चुना लावलेल्या मडक्यात. अर्ध्या वाटेत बिंदगी कलंडली आणि अंबील पदरावरून पायापर्यंत. मन्मथा तेव्हा एवढासा. तो मागून चालत माझ्या पदराचं टोक चोखत आला.

डाग अजून आहे. वाकळ शिव म्हटलं, पण डाग आत जाऊ देऊ नको.

२८ डिसेंबर, शनिवार

मन्मथप्पाचा फोन. "अक्का, औंदा दोन कोप्या घालायलोय. कडबा लई हाय."

मी म्हटलं, "दोन? पांडव भांडले का?"

तो हसला नुसता. विश्वेश्वरचे पुण्याचे दोस्त येणार असतील फोटो काढायला, त्यांची सोय. नाहीतरी मला काय, मी जात नाही.

२९ डिसेंबर, रविवार

सकाळपासून घरात खलबत. कावेरीनं पिशवी भरली: माझी दोन लुगडी, टॉवेल, पूजेची डबी, भस्म, गोळी. मी म्हटलं, "कुणाची तयारी?" म्हणते, "तुमची. उद्या सकाळी गाडी सांगितलीय, दुकान बंद ठिवणारेत."

"मी न्हाई म्हणलं ना?"

"ऐकलंय मी. पण मला अंबील प्यायचीय. लातूर सोडल्यापासून मनासारखी मिळाली न्हाई."

"लातूरला ताक पातळ करून पितेत, त्याला अंबील म्हणत न्हाईत."

"मग दाखवा की खरी कशी असते ती."

सिद्धाराम मधे पडला. "आई, वाटंत माझे तीन गिऱ्हाईक हायेत. तिन्ही घरी सांगून ठिवलंय. वाटलं तिथं उतरायचं, चहाला आलो म्हणायचं."

म्हणजे ह्या दोघांनी साऱ्या तालुक्याला सांगितलं तर. मला राग यायला हवा होता. मनात एकदा आलं, उद्याची गोळीच घेऊ नये. पण ह्यांचा अंगठा डोळ्यापुढं आला. गोळी घ्यायची. जे होईल ते लातूरकरणीच्या डोक्यावर.

३१ डिसेंबर, मंगळवार

काल आल्या आल्या झोपले. आज सगळं सांगते, ठिपका विझेपर्यंत.

लवकर निघालो, म्हणून पूजा शेतातच करायची ठरली. वाटभर मी पोटाकडे कान लावून बसलेले, आणि पोट गप्प. एकही गिऱ्हाईक लागलं नाही. गाडीला घाबरलं असेल म्हटलं.

धर्मापुरीचं देऊळ मागे पडलं आणि रान आलं. ज्वारी खरंच खुजी, पण कणसं धरलेली, वरून दवाचा वास. मधोमध कोपी, पेंढ्या एकमेकींवर रेललेल्या. आणि लांब, पार बांधाच्या टोकाला, दुसरी. मी तिकडे लक्ष दिलं नाही. आधी सरळ केलेल्या नाल्यात उतरून दगड वेचले. चार पटकन सापडले. पाचवा कधीच लवकर सापडत नाही, सहदेव लाजरा असतो. विश्वेश्वरची पुण्याची बायको पदर खोचून माझ्याबरोबर उतरली. तिनं एक वेडावाकडा उचलला आणि विचारलं, "हा चालेल का, आत्या?" चालला.

मग मी आणि मन्मथा कोपीत शेजारी शेजारी पूजेला बसलो. बापाच्या दोन्ही बाजूंना असंच बसायचो. इथं भिंत नाही की पडदा नाही. त्यानं लिंग तळहातावर घेतलं, मी घेतलं. पूजा झाली. मी बेलाशेजारची गोळी उचलली, तीर्थाची वाटी तोंडाला लावणार, तेवढ्यात त्यानं माझं मनगट धरलं.

"ही कशाची?"

"साखरेची."

"आन् तीर्थाबरूबर घ्यायलीस?"

"मग कशाबरूबर? आधी देव."

"जेवतीस कवा?"

"दुपारी."

त्यानं आपलं लिंग नीट गळ्यात घातलं, आणि मग हसायला लागला. पांडवांपुढं, पोट धरून. "अक्का, मी बी हेच केलं गं. पावसाळाभर. ह्या रानातला एक बांध सोडला न्हाई मी. लोकं म्हणायची, मन्मथप्पा शेताची लई राखण करायलाय."

"तुला साखर हाय?"

"दोन वर्सं झाली. शेवटी दवाखान्यातल्या पोरीनं इचारलं, काका, गोळी घेतल्यावर किती वेळानं जेवता? तवा उजेड पडला. उपाशी पोटी ही गोळी आतडं घुसळती."

"मला सांगितलं कावून न्हाईस?"

"तू तरी कुठं सांगितलंस? गुडघा म्हणलीस."

मी गोळी परत बेलावर ठेवली. "मग देवाला दाखवायची न्हाई?"

"दाखव की. दाखव आन् ताटात ठिव. अर्धी भाकर पोटात गेली की मग घे. देव काय उठून चाललाय का?"

तर तसं केलं. पांडवांना निवद झाला, मन्मथा रीतीप्रमाणे अंबील शिंपडत, ओरडत रानाला फिरून आला. आवाज फुटला त्याचा, पण फिरला पुरा. मग पंगत. तुरीचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे घालून केलेली आंबट भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर. खीर आम्हा दोघा बहीणभावांना चमच्याच्या टोकाएवढी, आणि ती वाढताना कावेरी आणि विश्वेश्वरची बायको, दोघी पोलिसासारख्या उभ्या. अर्ध्या उंड्यानंतर मी गोळी घेतली. मन्मथानं त्याची खिशातून काढली. पाण्याचे तांबे एकमेकांना दाखवून आम्ही दोघांनी बरोबरच गिळल्या.

मग वाट बघत बसले. छबुबाईंच्या सुनेइतकी चांगली बातमी माझ्याकडे नव्हती, म्हणून कावेरीच्या लातूरच्या ताकाबद्दल पंगतीला सांगितलं. पोटात थोडं गुडगुडलं. मळमळ आली, गेली. कळ आली नाही. कावेरी माझ्याकडे बघत अंबिलीचा दुसरा तांब्या पीत होती. विचारलं, "कशी हाय?" म्हणते, "दाट हाय." लातूरच्या माणसाकडून एवढंच निघतं.

उन्हं कलली तेव्हा मी उठले आणि बांधाच्या टोकाला गेले. दुसऱ्या कोपीच्या दाराला माझं हिरवं इरकल लावलेलं. डाग बाहेरच्या बाजूला, समोरच. पडदा सारला. आत खड्डा, दोन बाजूंना दोन विटा, वर मधे भोक पाडलेला पाट, कोपऱ्यात पाण्याची बादली आणि टमरेल. टमरेल नवं होतं, दुकानातलं. पेंढीत धरायला एक काठी आडवी बांधलेली, घरातल्या दांडीच्या उंचीला. मन्मथाच्या हाताची गाठ मी ओळखते. ह्या वयात त्यानं पेंढ्या उचलून इतक्या लांब आणल्या, वाऱ्याच्या खाली.

मला काही गरज नव्हती. तरी बसले.

कडब्याच्या फटीतून कणसं दिसत होती. ऊन आत पट्ट्यापट्ट्यानं पडलेलं. वच्छला असती तर शेजारून बोलली असती. लांबून मन्मथाचा आवाज, कुणाला तरी सांगत होता की अक्कानं अंबील सांडली होती तेव्हा अर्धी त्यानंच पिली. पुढच्या वर्षी इथं ऊस असेल. मी पेंढीतलं एक पान तोडलं आणि वास घेतला. भाकरीचा वास अजून पानात होता.

बाहेर पावलं वाजली. कावेरी आली होती. पडद्यापासून चार हात लांब, पाठ करून उभी राहिली, कुणी इकडे येऊ नये म्हणून.

"आत्याबाई, झालं का?"

मी म्हटलं, "न्हाई गं. अजून जरा वेळ लागंल."